दुखणं कागदावर आलं तेव्हा



आपल्याकडे एक शब्द फार सहज वापरला जातो, 'अंगावर काढणं'. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला, बाळंतपणानंतरची कंबरदुखी तर वर्षानुवर्षं अंगावर काढली. मग एक दिवस उठवेनासं झालं की पेणच्या नाहीतर रोह्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं, केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं. डॉक्टरांनी विचारलं 'कधीपासून होतंय?', की सांगायचं 'झाले बरेच दिवस.' 'कुठे दुखतं?' 'सगळंच अंग.' डॉक्टरांसमोर मिळालेली दोन-तीन मिनिटं तिथंच संपतात आणि आपण गोळ्यांची पुडी घेऊन घरी येतो.

आज आम्ही तुम्हाला एक इतिहास सांगणार आहोत. माणसाचं दुखणं कागदावर कसं आलं, ते कुणी आणलं, आणि त्यामुळे काय बदललं, याचा इतिहास. त्यातला एक मोठा भाग आपल्याच रायगड जिल्ह्यात घडला आहे.

सुरुवात जुन्या काळापासून करू. आपल्या आयुर्वेदात रोगी तपासायच्या तीन रीती सांगितल्या आहेत. डोळ्यांनी बघणं, हातानं स्पर्श करणं आणि प्रश्न विचारणं. म्हणजे रोग्याचं बोलणं हा तपासणीचाच एक भाग मानला होता. रोग पुरता दिसायच्या आधी जी लक्षणं येतात, त्यांना 'पूर्वरूप' असं वेगळं नाव होतं. काय खाल्लं, काय केलं की बरं वाटतं, यालाही 'उपशय' हे नाव होतं. वैद्य त्याच पंचक्रोशीतला असायचा. कुणाच्या घरी काय शिजतं, कुणाची कितवी खेप आहे, हे त्याला ठाऊक असायचं. त्यामुळे वहीची गरज भासत नव्हती.

पुढे मोठी इस्पितळं उभी राहिली. एका छताखाली शेकडो अनोळखी रोगी आले. आता डॉक्टरला रोग्याचं घर माहीत नव्हतं, आणि सकाळी पाहिलेला रोगी रात्री कसा होता हेही माहीत नव्हतं. इथून नोंदीची गरज सुरू झाली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या जखमी शिपायांची शुश्रूषा करायला गेल्या होत्या. १८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात रोग्याकडे नीट लक्ष कसं द्यावं यावर एक सबंध प्रकरण घातलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की 'रात्र बरी गेली का?' या प्रश्नाला काही अर्थ नाही. किती तास झोप लागली, आणि कोणत्या वेळी, हे विचारा. 'बरी' आणि 'वाईट' या शब्दांतून डॉक्टरला काही कळत नाही. वेळ आणि आकडा मिळाला की कळतं.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८६८ साली, जर्मनीतल्या वुंडरलिश या डॉक्टरांनी तापावर ग्रंथ लिहिला. सुमारे २५ हजार रोग्यांच्या अंगातला ताप मोजून मांडलेल्या नोंदी त्यामागे होत्या. त्यातून लक्षात आलं, की ताप आला एवढं कळून भागत नाही. तो कसा चढतो, कधी उतरतो, पुन्हा कधी येतो, यावरून आजार ओळखता येतो. इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता अडकवलेला दिसतो ना, त्याची सुरुवात या काळातली.

पण या सगळ्या तक्त्यांत बाईचं दुखणं कुठे होतं? आपल्या भागात तर बाई परपुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडत नव्हती. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी नेमकी हीच अडचण सांगितली. डॉक्टर व्हायला अमेरिकेला जाण्याआधी, १८८३ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची फार गरज आहे, म्हणून मी जाते, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत बायका आणि मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झालं. बाईला आपलं दुखणं सांगायला जागा मिळावी, यासाठी केवढी धडपड करावी लागली ते यावरून कळतं.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. मुंबई-गोवा महामार्गानं पेणहून दक्षिणेला गेलं की महाड लागतं. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. ते मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. इथं त्यांची गाठ कोकणातल्या लाल विंचवाशी पडली.

लाल विंचू आपल्याला नवा नाही. सरपणाच्या मोळीत, पेंढ्यात, दगडाखाली, चपलेत तो सापडतो. त्या काळी या विंचवाचं विष अंगात भिनलेल्या गंभीर रोग्यांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास दगावत असत. विंचू चावला की आधी विंचू उतरवणाऱ्याकडे जायचं, मग दवाखान्यात. तिथंही लक्ष असायचं ते दुखऱ्या जागेकडे.

डॉ. बावस्कर रोग्यांच्या खाटेजवळ थांबले. काय होतं, कोणत्या वेळी होतं, कशानंतर काय होतं, हे ते टिपत गेले. एका रोग्याचं, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर एक क्रम दिसला. आधी उलटी. अंगभर दरदरून घाम. हातपाय थंडगार. मग काही तासांनी धाप लागते, खोकला येतो, तोंडाला गुलाबी फेस येतो. म्हणजे विष हृदयाला धक्का देत होतं आणि फुप्फुसांत पाणी भरत होतं. उलटी, घाम आणि गार हातपाय ही त्या संकटाची आगाऊ वर्दी होती. जुन्या वैद्यांच्या भाषेत सांगायचं तर पूर्वरूप. चावलेल्या जागी नुसतंच ठणकत असेल तर धोका कमी, पण घाम फुटून हातपाय गार पडले असतील तर जीव धोक्यात, हे स्पष्ट झालं. १९८२ साली ही माहिती इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

आजार कळल्यावर औषधही सापडलं. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ती विंचूदंशाच्या रोग्यांना वेळेवर देऊन पाहिली आणि १९८६ साली त्यावर लिहिलं. शंभरात चाळीस मृत्यू होत होते, ते एकाच्या आसपास आले. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मैत्रिणींनो, यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ती गोळी आधीपासून बाजारात होती. रक्तदाबाचे रोगी ती घेतच होते. पण विंचवाच्या रोग्याला ती द्यायची, आणि फेस यायच्या आत द्यायची, हे सांगणारा क्रम कुणी मांडलेला नव्हता. तो मांडला गेला तो रोग्यांच्या लक्षणांच्या साध्या नोंदींतून.

आपल्याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या परिसरात १९७०च्या दशकात आणखी एक प्रयोग झाला. मुंबईचे शल्यविशारद डॉ. नोशिर अंतिया यांनी तिथल्या गावांतल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. शिक्षण थोडंच झालेल्या या बायका क्षय आणि कुष्ठरोगाचे संशयित रोगी शोधू लागल्या. गावातली बाई गावाचं दुखणं चांगलं ओळखते, हे तिथं दिसून आलं.

आता थोडं लांब, गडचिरोलीला जाऊ, कारण बायकांच्या न बोललेल्या दुखण्याचा हिशेब तिथं पहिल्यांदा मांडला गेला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. पण आपणहून तक्रार सांगणाऱ्या बायका शंभरात ५५च होत्या. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८. पांढरं जाणं, अंगावरून जास्त जाणं, ओटीपोटात दुखणं हे 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून सोडून दिलेलं होतं. जे तोंडातून आलंच नाही, त्यावर औषध कोण देणार?

त्याच बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं १९९५पासून ३९ गावांत नवजात बाळांचं काम केलं. गावातल्या बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला पाहायच्या आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गोष्टी लिहायच्या. बाळाला जंतुसंसर्ग झालाय हे ओळखायची लक्षणं कशी होती पाहा. आधी नीट पीत होतं, आता पिणं कमी झालं. आधी खणखणीत रडत होतं, आता आवाज क्षीण झाला. 'आधी' काय होतं ते ठाऊक असल्याशिवाय 'आता' बिघडलं हे कळणारच नाही. आणि 'आधी' ठाऊक असायला नोंद हवी. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, काम न झालेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे जगापुढे आलं.

अक्षर येत नसलं तरी अडत नाही, हेही याच संस्थेनं दाखवलं. बाळाला न्यूमोनिया झालाय का, हे पाहायला मिनिटाला किती श्वास ते मोजावं लागतं. ज्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांची पाटी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. सुईण बरोबर सांगू लागली.

आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही येतात. ही रीत गडचिरोलीच्या कामातून २०११ साली देशभर गेली. त्या फॉर्म भरत बसल्या की घरातल्यांना वाटतं, ही सरकारी लिखापढी. तसं नाही. त्या फॉर्मातल्या रकान्यांमागे वाचलेली बाळं आहेत.

डॉक्टरांनी लिहिलं, आरोग्यदूतांनी लिहिलं. आता उरलो आपण. बाळाच्या घरी आशाताई येतात. पण चाळिशीतल्या बाईच्या घरी रोज कोण येणार? तिची आरोग्यदूत तीच.

ही वही ठेवायला वेगळं शिक्षण लागत नाही. कालनिर्णय १९७३ साली निघालं, आणि तेव्हापासून आपण त्यावर दुधाचे खाडे लिहितोय, गॅसची तारीख लिहितोय. बचत गटाच्या वहीत पै-पैचा हिशेब आपणच ठेवतो. तसाच हा अंगाचा हिशेब.

रोज झोपायच्या आधी चार गोष्टी लिहा. पहिली, काय झालं आणि किती वाजता. दुसरी, कुठे आणि किती. किती म्हणजे कामाच्या मापात लिहा. 'हंडा उचलता आला नाही', 'विहिरीवरून येताना तीनदा बसले'. 'फार दुखलं' यापेक्षा यातून डॉक्टरांना जास्त कळतं. तिसरी, कशानं वाढलं आणि कशानं कमी झालं. चौथी, कोणती गोळी घेतली, मेडिकलमधून आणलेली असो की काढा असो. बीपी किंवा साखर मोजली असेल तर आकडा लिहा.

पाळीचं लिहिताना तारीख, किती दिवस, दिवसाला किती कपडे किंवा पॅड बदलले, गाठी पडल्या का, एवढं पुरे. तीन महिन्यांच्या अशा नोंदी पाहिल्या तर रक्त किती जातंय आणि अशक्तपणा कशानं आहे याचा माग डॉक्टरांना लागतो. पाळी कायमची थांबून वर्ष झालं आणि त्यानंतर एक डाग जरी दिसला, तर वही भरायची वाट पाहू नका. लगेच दाखवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

आणखी एक रकाना आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो, आज कोणतं काम केलं. १७०० साली इटलीतल्या रामाझिनी या डॉक्टरांनी कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं आणि इतर डॉक्टरांना सांगितलं, रोग्याला त्याचा धंदा विचारत जा. पेणला गणपतीच्या कारखान्यात आपण प्लास्टरच्या धुळीत बसतो, रंग देतो. कुणी दिवसभर मांडी घालून पापड लाटतं. रोह्याकडच्या कुणी धाटावच्या कारखान्यांत कामाला जातात. खारेपाटात लावणीला गुडघाभर चिखलात उभं राहावं लागतं. तापाआधी चिखलात काम केलं होतं आणि पायाला चीर होती, हे सांगितलं तर डॉक्टरांच्या मनात लेप्टोचा संशय वेळेवर येतो. खोकला कामाच्या दिवशी वाढतो आणि सुटीला कमी होतो, हे वहीच दाखवते.

लिहिता येत नसेल तर खुणा करा. डोकेदुखीला टिंब, पोटदुखीला फुली, पाळीला गोल. खुणांचा अर्थ फक्त तुम्हाला ठाऊक असला तरी चालेल. घरात कुणी वही वाचेल आणि चारचौघांत बोलेल ही धास्ती अनेकींना असते, ती खोटी नाही. अशा वेळी खुणाच बऱ्या. वही तुमची आहे, ती कुणाला दाखवायची हे तुम्ही ठरवायचं.

दवाखान्यात जाताना अख्खी वही डॉक्टरांपुढे ठेवू नका. गर्दीच्या ओपीडीत त्यांना ती वाचायला सवड नसते. आदल्या रात्री एका कागदावर तीन ओळी काढा. त्रास काय, कधीपासून, आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. आत गेल्यावर पहिलं वाक्य तेच बोला. 'डॉक्टर, वीस दिवसांपासून जिना चढताना धाप लागते, आठवड्यापासून पायाला सूज आहे.' एवढं ऐकल्यावर पुढचे प्रश्न नेमके येतात. वही हातात असू द्या, विचारलं तर उघडा. आजाराचं नाव आपण ठरवून जायचं नाही. आपण घडलं ते सांगायचं, नाव डॉक्टर ठरवतील.

काही वेळा मात्र लिहीत बसायचंच नाही. छातीत दाब येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, गरोदर बाईला रक्तस्राव झाला, झटके आले, डोकं प्रचंड दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळानं पिणं सोडलं, साप किंवा विंचू चावला, तर १०८ला फोन करा आणि निघा. तेव्हा फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा, किती वाजता झालं. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिथं वेळ सांगणारा माणूस सोबत असेल तर उपचाराचा निर्णय लवकर होतो.

कुणाकुणाला रोज दुखणं लिहून जास्तच काळजी वाटू लागते. तसं झालं तर दोन आठवडे लिहा, डॉक्टरांना दाखवा आणि थांबा. पुन्हा त्रास झाला तर पुन्हा सुरू करा. दुखणं अंगावर काढायचं नाही, म्हणून ही वही आहे. ती जन्माचं ओझं व्हायला नको.

बिरवाडीत आणि गडचिरोलीत माणसं वाचली, कारण कुणीतरी दुसऱ्याचं दुखणं खरं मानून लिहून ठेवलं. आपलं दुखणं खरं आहे हे आधी आपण मानायचं. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं बाजूला काढा. गटातल्या प्रत्येकीनं एका पानावर रेघा मारून पाच रकाने आखावेत, वेळ, त्रास, कशानं वाढला-कमी झाला, गोळी, काम. जिला लिहिता येत नाही तिला शेजारणीनं आखून द्यावेत. आणि त्या रात्री पहिली ओळ लिहावी.